खंडेनवमीची कॉपी

सुतकात पूजा करत नाहीत, हे कोल्हापूरच्या उद्यमनगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सुतकात कॉम्प्युटरचा बॅकअप घेतलेला चालतो का, हे मात्र एकाही पंचांगात छापलेलं नव्हतं. तेव्हा वैजयंताबाई मोहित्यांनी आपल्याच अधिकारात ठरवून टाकलं, की चालत नाही.

अधिकार त्यांना शोभायचा. एका सरकारी भांडारात त्यांनी अठ्ठावीस वर्षं स्टोअरकीपर म्हणून काढली होती. नोंद केल्याशिवाय तिथून खिळा बाहेर गेला नाही. निवृत्त झाल्यावर रजिस्टर सुटलं, मोजायची खोड सुटली नाही. दोरीवरचे चिमटे, डब्यातल्या वड्या, पाहुण्यांनी दिलेल्या जांभया, सगळं त्यांच्या डोक्यात आकड्यासकट असायचं. पाहुण्यानं तिसरी जांभई दिली की त्या आपणहून त्याची चप्पल सरळ करून ठेवत.

घरोघरी पेटी येऊन आता सहा वर्षं झाली होती. पेटी म्हणजे घरचा कॉम्प्युटरच. पण सांगितलं तेवढंच करून गप्प बसणारा जुना कॉम्प्युटर नव्हे. पेटीची ऑपरेटिंग सिस्टिम घराबरोबर वाढायची. कोण कधी उठतं, कोणाचा खोकला खरा आणि कोणाचा कामाच्या वेळचा, हे ती शिकत जायची. शिकलेलं ती वेगळ्या फायलीत ठेवत नसे. चिपच्या आत केसाहून बारीक तारांची जाळी असायची, त्या जाळीतच ते मुरायचं, लोणच्यात मीठ मुरतं तसं. मुरलेलं मीठ चमच्यानं बाजूला काढता येत नाही. त्यामुळे बॅकअप घ्यायचा तर सगळ्या सिस्टिमची, जाळीसकट, एकगठ्ठा कॉपी घ्यावी लागे. त्यासाठी पेटी चौदा तास पूर्ण निजवायची. जागी पेटी क्षणाक्षणाला बदलते, आणि बदलत्या वस्तूची नक्कल निघत नाही. शिवाय घरातली बोलणी घराबाहेर साठवायला कायद्यानं मनाई होती. कॉपी ठेवायची ती आपल्या डिस्कवर, आपल्या कपाटात.

चौदा तास पेटीवाचून राहायचं कोणी? बॅकअप घेणं जो तो उद्यावर टाकायचा. त्यावर तोडगा काढला तो वैजयंताबाईंच्या नवऱ्यानं, उल्हासरावांनी. ते आयटीआयमध्ये टर्नरचे मास्तर. लेथच्या आवाजावर आवाज चढवून बोलण्यात जन्म गेला, त्यामुळे घरातही कुजबुज करायचे ती गल्लीच्या टोकाला ऐकू जायची. ते म्हणाले, "खंडेनवमीला आपण लेथ बंद ठेवतो, व्हर्नियर पुसून हळदकुंकू वाहतो. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. मग पेटी काय वेगळी आहे? तिलाही निजवा, वर झेंडूचं फूल ठेवा, संध्याकाळपर्यंत कॉपी तयार!" गल्लीला ते पटलं. पूजा आणि बॅकअप एकाच पाटावर बसले.

मागच्या खंडेनवमीला मोहित्यांच्या पेटीची कॉपी झाली. त्यानंतर दोन महिन्यांनी, चंपाषष्ठीच्या सकाळी, वांग्याच्या भरताचा पहिला घास हातात असतानाच उल्हासराव पाटावरून कलंडले. उजवी बाजू गेली. आणि बोलणं गेलं.

म्हणजे आवाज निघायचा, पण त्याला आकार नसायचा. मान हलायची, पण 'हो'लाही तशीच आणि 'नाही'लाही तशीच. डॉक्टर म्हणाले, अशा झटक्यात समजतं सगळं, पण आतला शब्द बाहेर येताना वाट चुकतो. मानेवर विश्वास ठेवू नका. मग त्यांनी गळ्याला बांधायचा पट्टा दिला. माणूस बोलायचं मनात आणतो तेव्हा मेंदूकडून गळ्याच्या स्नायूंना बारीक झटके जातात. आवाज फसला तरी झटके जातातच. पट्टा ते टिपायचा, पेटी त्यांचा अर्थ लावायची आणि उल्हासरावांच्याच जुन्या आवाजात बोलून दाखवायची. कागदपत्रं बरीच होती. उभ्या आयुष्यात न वाचता सही न केलेल्या वैजयंताबाईंनी त्या दिवशी एका दमात नऊ सह्या केल्या.

तीन आठवड्यांनी, दुपारी दीड वाजता, पेटी बोलली, "वैजू, तू जेवलीस का?"

आयटीआयमधून रोज दीड वाजता फोन करून ते हेच विचारायचे. वैजयंताबाई हातातलं फडकं तसंच धरून स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ पूर्ण सोडून रडल्या.

पुढचे महिने त्यांना, खरं सांगायचं तर, बरे गेले. उल्हासराव मऊ झाले होते. डॉक्टरांनी मीठ बंद केलेलं, पाणी घातल्यासारखी तांदळाची पेज त्या भरवायच्या आणि पेटीतून यायचं, "छान झालंय." अडतीस वर्षांत स्वयंपाकाबद्दल 'चालतंय' याच्या वर न गेलेला माणूस! झटका बसायला नको होता, पण बसलाच आहे तर स्वभावाला मानवला, असा एक चोरटा विचार त्यांच्या मनात येऊन जायचा.

यंदाच्या खंडेनवमीच्या आधी तीन दिवस गारगोटीचे चुलत दीर वारले. वीस वर्षं त्यांच्याशी बोलणं नव्हतं. सुतक मात्र चोख दहा दिवसांचं आलं. पाट मांडला नाही, झेंडू आणले नाहीत.

"वैजू, पूजा राहू दे. कॉपी घे," पेटीतून उल्हासराव म्हणाले.

"अहो, सुतकात यंत्राला निजवायचं, उठवायचं? काहीतरीच. दिवाळी होऊन जाऊ दे."

पेटी थोडी थांबली. मग म्हणाली, "बरं. तुझ्या मनासारखं होऊ दे."

सुतक हे सांगायचं कारण होतं. खरं कारण वैजयंताबाईंना ठाऊक होतं: चौदा तास हा आवाज घरात नसणार, हे त्यांना सोसणार नव्हतं.

तेविसाव्या दिवशी, भाऊबीजेच्या दुपारी, पेटीचं अपडेट अर्ध्यावर आलं असताना वीज गेली. इन्व्हर्टरनं ऐनवेळी मान टाकली. वीज आली तेव्हा पडद्यावर एक करडी रेघ होती आणि पेटी मुकी होती.

* * *

रेश्मा मुजावर उद्यमनगरात पेट्या दुरुस्त करायची. वय पंचेचाळीस, चष्मा कपाळावर, आणि उल्हासरावांच्या हाताखाली टर्नर झालेली पहिली मुलगी. ती आली तेव्हा दोन दिवस उलटले होते. कुशी बदलणारी गादी पेटीवरच चालायची. ती बंद पडल्यामुळे वैजयंताबाई दर दोन तासांनी शेजाऱ्यांना हाक मारून नवऱ्याला कुशीवर वळवत होत्या. तरीही पाठीवर रुपयाएवढा लाल डाग उमटला होता. त्यांनी तो मापपट्टीनं मोजला होता. सकाळपासून दोन मिलिमीटर वाढला होता.

रेश्मानं पेटी उघडली, आपला छोटा पडदा जोडला.

"बोल की गं," वैजयंताबाई म्हणाल्या. "मयताच्या घरी आल्यासारखी काय बसलीस?"

"काकू, जाळी फाटलीया. अपडेट निम्मं नवं, निम्मं जुनं. चालू केली की चार-पाच मिनिटं चालंल, मग गोठंल. आणि दर खेपेला जाळी आणखी जळणार. अजून एकदा चालू करता येईल. दुसऱ्यांदा केली तर मग तुमची कॉपीसुद्धा तिच्यावर बसायची नाही."

"कॉपी टाकली की होईल ना नीट?"

"गादी मी नव्यानं जोडून देते. औषधाच्या वेळा पुन्हा घालते. बाकी सगळं मागच्या खंडेनवमीला होतं तसं येईल."

वैजयंताबाईंनी मनातल्या मनात तारखा लावल्या. खंडेनवमी. मग दोन महिन्यांनी चंपाषष्ठी.

"म्हणजे तिला हे... आजारी आहेत ते माहीतच नसणार."

"न्हाई."

"ह्यांचं आत्ताचं बोलणं?"

"काकू, कॉपीतले सर धडधाकट हाईत. आत्ताच्या सरांची पेटीला वळखच न्हाई."

"नवी पेटी आण. ही अशीच ठेवू, कोणीतरी नीट करेल कधी."

"नवी यायला तीन आठवडे. तोवर पाठीचं काय हुतंय बघा. आणि नव्या पेटीला तर सरांचा जुना आवाज पण ठावा नसणार."

खाटेवरून उल्हासराव दोघींकडे बघत होते. त्यांची मान हलत होती. ती हो म्हणत होती की नाही, हे सांगणारं यंत्र टेबलावर पोट उघडं टाकून पडलं होतं.

रेश्मानं बोलण्याची नोंद उघडली. गेल्या महिन्याभरातली वाक्यं ओळीनं होती, काही शब्द पांढरे, काही पिवळे. पिवळेच फार.

"हे रंग कसले?" वैजयंताबाईंनी विचारलं. रजिस्टरमधली शाई बदललेली त्यांच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं.

रेश्मानं चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, पुन्हा कपाळावर नेला. "काकू, तुम्हाला सांगितलं असंल की पट्ट्याच्या कंपनीनं. पट्ट्यावर धा शब्दांतला एखादाच धड येतो. पांढरे ते सरांचे, ऐकलेले. पिवळे पेटीनं भरलेले. सर पहिलं कसं बोलायचे त्याच्यावरनं अंदाज. त्याला भरणी म्हणतात."

वैजयंताबाईंनी पडदा ओढून घेतला.

खंडेनवमीची नोंद. "वैजू, पूजा राहू दे. कॉपी घे." 'कॉपी घे' पांढरं. त्याखाली, "बरं. तुझ्या मनासारखं होऊ दे." सगळं पिवळं. बाजूला बारीक अक्षरात: गळ्याची हालचाल तीव्र, सात वेळा, शब्द ओळखता आला नाही.

सात वेळा ते काहीतरी म्हणाले होते आणि त्या खुशाल भांडी घासायला गेल्या होत्या.

"छान झालंय." पिवळं. दुसऱ्या दिवशी पिवळं. एकतीस दिवस पिवळं.

दिवाळीआधी डॉक्टर येऊन गेले होते. गिळणं कमी होत चाललंय, म्हणाले. पुढच्या महिन्यात पोटात नळी घालायची की नाही ते ठरवावं लागेल आणि ते उल्हासरावांनीच सांगितलेलं बरं. "वैजू म्हणेल तसं," उल्हासराव म्हणाले होते. डॉक्टरांनी किती कौतुकानं मान हलवली होती! वाक्य पिवळं होतं, पूर्णविरामासकट.

शेवटी त्यांनी धीर करून मागे जात जात पहिल्या दिवसाची दीड वाजताची ओळ शोधली.

वैजू, तू जेवलीस का. पिवळं.

त्यांनी पडदा पालथा ठेवला. भांडार अठ्ठावीस वर्षं सांभाळलेल्या बाईला कळलं, की अकरा महिने आपल्याकडे भरलेली म्हणून नोंद असलेली सगळी खोकी रिकामी होती.

* * *

हैदराबादहून मुलीचा, ऋतुजाचा, फोन आला. शेवटच्या पाच मिनिटांत बाबांना काय काय विचारायचं त्याची यादी मायलेकींनी नोंद उघडण्याआधीच फोनवर केली होती, अकरा प्रश्नांची. विहिरीच्या मोटरची चावी कुठे आहे इथपासून ते नळी घालायची का इथपर्यंत.

"आई, पटापट विचार हं. मी फोनवर आहे."

"फोन ठेव," वैजयंताबाई म्हणाल्या. "नंतर सांगते."

त्यांनी यादी चौघडी करून कमरेला खोचली आणि रेश्माला म्हणाल्या, "ती भरणी बंद करता येते?"

"येते. पण मग वाक्य न्हाई यायचं काकू. आला तर एखादा शब्द."

"येऊ दे."

गळ्याचा पट्टा नीट बसवला. रेश्मानं बटण दाबलं. करडी रेघ थरथरली आणि पडदा उजळला.

"अहो," वैजयंताबाई खाली वाकून म्हणाल्या, "आता ती तुमच्या नावानं काही बोलणार नाही. तुम्हीच बोला. काय म्हणायचंय तुम्हाला?"

उल्हासरावांनी त्यांच्याकडे बघितलं. डावा हात चादरीवर घट्ट मिटला. गळ्याच्या शिरा ताणल्या. पडदा कोरा. कपाळावर घाम आला. पडदा कोरा. रेश्मानं घड्याळाकडे बघितलं आणि नजर फिरवली. वर्कशॉपमध्ये एका हाकेत चाळीस पोरं गप्प करणारा हा माणूस.

तिसऱ्या मिनिटाला पांढरं अक्षर उमटलं.

पुरे.

"काय पुरे?" वैजयंताबाईंचा आवाज फुटला. "अहो, काय पुरे? भरणी? पेटी? माझी बडबड?"

गळा पुन्हा ताणला.

आता पुरे.

"नळी नको म्हणताय का? सगळंच पुरे म्हणताय? अहो, सांगा ना, काय पुरे?"

ओठांची डावी कड हलली. पडद्यावर पुढचा शब्द उमटू लागला. आधी उभी रेघ, मग तिच्या पोटात एक गाठ, 'व'ची की 'ब'ची कळेना. आणि तिथेच करडी रेघ आली आणि सगळं गोठलं.

"अजून एकदा चालू कर!"

"काकू—"

"कर म्हणते ना!"

"केली तर गादी गेली, कॉपी गेली. सरांची पाठ सडंल." रेश्मानं त्यांचे दोन्ही हात धरले. "मला सरांनीच शिकवलंय. हत्यार एका जागी मोडलंय म्हणून सगळी मशीन फोडायची न्हाई."

वैजयंताबाईंनी कपाट उघडलं. डिस्क रेशमी खणात गुंडाळलेली होती, तिच्यावर मागच्या खंडेनवमीचं वाळकं कुंकू होतं. त्यांनी ते पदरानं पुसलं आणि डिस्क रेश्माच्या हातात दिली. कुठल्याही पावतीशिवाय.

* * *

कॉपी बसायला चार तास लागले. गादी हलकेच फुगली आणि उल्हासराव डाव्या कुशीवर वळले. रेश्मानं पट्टा नव्यानं जोडला, काही सेटिंग्ज केल्या, आणि जाता जाता म्हणाली, "भरणी आपोआप चालू असते. नको असंल तर हे बटण."

ऋतुजा पुन्हा फोनवर होती. "आई, चालूच ठेव. निदान आवाज तरी येईल. मला बाबांचा आवाज हवाय गं."

"तो बाबांचा नाही."

"मग कोणाचा आहे? त्यांचाच आहे. तेरा महिन्यांपूर्वीचा आहे, एवढंच ना?"

तेवढ्यात उल्हासरावांच्या गळ्याखाली कुठेतरी एक स्नायू उडाला, आणि पेटी खणखणीत बोलली:

"वैजू! चहा टाक लवकर. आणि माझे बूट कुठे टाकलेस गं? लेथवर पोरं वाट बघतायत."

फोनमध्ये ऋतुजा हसली आणि लगेच हुंदका देऊन रडू लागली. तोच आवाज होता. तीच घाई, तेच बुटांचं ओझं बायकोच्या माथी मारणं. वैजयंताबाईंचे पाय खरोखरच दोन पावलं स्वयंपाकघराकडे गेले.

मग त्यांनी वळून खाटेकडे बघितलं. बूट मागणारा माणूस डोळे गच्च मिटून पडला होता आणि डाव्या हातानं गळ्याचा पट्टा ओरबाडत होता.

त्यांनी बटण दाबलं.

"आई? आई, आवाज का गेला?"

"मी बंद केला."

"हे क्रूर आहे," ऋतुजा म्हणाली. "पेटीला त्यांचं नवं बोलणं शिकायला महिनोन् महिने लागतील. तेवढे महिने आहेत का त्यांच्याजवळ?"

मोजता न येणारी एवढी एकच वस्तू त्या घरात होती.

पुढचे दिवस मुके गेले. सकाळी, दुपारी, संध्याकाळी त्या पट्टा बांधायच्या, समोर पडदा धरायच्या आणि म्हणायच्या, "बोला." उल्हासराव झटायचे. पडदा कोरा राहायचा. पेटी न चुकता विचारायची, "भरणी बंद आहे. चालू करू का?" त्या न चुकता नाही म्हणायच्या. दीड वाजला की घर इतकं शांत व्हायचं, की त्यांना घास उतरायचा नाही. आठव्या दिवशी त्यांचं बोट त्या बटणावर जाऊन थांबलं. एकदाच, एवढं एकच वाक्य, मग लगेच बंद करू. त्यांनी बोट मागे घेतलं आणि ते बोट दुसऱ्या हातात धरून बसल्या.

सगळ्यात वाईट होता तो शब्द. पुरे. भाजी चिरताना पुरे, चादर झटकताना पुरे. डॉक्टरांचा फोन आला, नळीचं काय ठरलं? बुधवारपर्यंत सांगा. जेवण दिवसाला चार चमच्यांवर आलं होतं. "आता पुरे" म्हणणाऱ्या माणसाच्या पोटात भोक पाडून त्याला जगवायचं, की त्याचा शब्द मानून चमचा खाली ठेवायचा? आणि तो शब्द त्यानं कशाला उद्देशून उच्चारला होता? ऋतुजा म्हणायची, तू ठरव. डॉक्टर म्हणायचे, तुम्ही ठरवा. पिवळ्या अक्षरांत उल्हासरावांनीही तेच म्हटलेलं होतं.

एकोणिसाव्या दिवशी, मंगळवारी, त्यांनी दुपारची पेज आणली. पट्टा बांधला. पहिला चमचा दिला. उल्हासरावांनी तो तोंडात घोळवला, कसाबसा गिळला. दुसरा चमचा ओठांशी नेला तर ओठ मिटले.

"घ्या हो. एवढा एक."

ओठ मिटलेलेच. वैजयंताबाईंनी चमचा वाटीत ठेवला. झालं, त्यांना वाटलं. उत्तर आलं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि डोळे मिटून बसल्या, म्हणून पडद्यावर हालचाल झालेली त्यांना लगेच दिसली नाही.

डोळे उघडले तेव्हा तिथे एक शब्द होता. पांढराशुभ्र.

अळणी.

त्यांनी तो वाचला. चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"काय?"

उल्हासरावांचा गळा ताणला. भुवया आक्रसल्या, लेथवर पोरानं माप चुकवलं की आक्रसायच्या तशाच.

अळणी.

"अहो, वर्ष होत आलं, अळणीच आहे ती!" वैजयंताबाई ओरडल्या. "आणि रोज छान झालंय, छान झालंय म्हणून..." हसू आणि रडू एकाच वेळी आलं आणि दोन्हींची दारात गर्दी झाली.

त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या. मिठाची बरणी माळ्यावर होती. डॉक्टरांनी मना केल्यावर त्यांनीच ती तिथे टाकली होती. स्टुलावर चढून त्यांनी ती काढली. चिमटीत मोजून नऊ-दहा खडे आले. डॉक्टरांना काय सांगायचं ते त्यांनी परत येता येता ठरवून टाकलं: मीठही, आणि बुधवारी नळीही. ज्या माणसाला पेजेत मीठ कमी पडतंय, त्याला इथून जायची घाई झालेली नाही.

त्यांनी खडे पेजेत ढवळले आणि चमचा पुढे केला. ओठ उघडले. उल्हासराव घास घोळवत राहिले, बराच वेळ, जसा काही तो बाजारातून निवडून आणलेला घास असावा. मग त्यांचा गळा पुन्हा ताणला. पडद्यावर एक पांढरी उभी रेघ उमटली, तिच्या पोटात गाठ आली, आणि ती तिथेच थांबली.

"वाक्य अपूर्ण आहे," पेटी म्हणाली. "भरणी चालू करू का?"

"गप्प बस," वैजयंताबाई म्हणाल्या. "हे बोलतायत."